कॅचरचा हात आधी, की छाती?

प्रश्न : दादा, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा दहावीत आहे, शाळेच्या बेसबॉलच्या जेव्ही (दुय्यम) टीमचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागं बसून चेंडू घेणारा. मी स्वतः नाशिकला कॉलेजच्या टीमकडून कीपिंग केलंय, त्यामुळे त्यानं ही जागा निवडली तेव्हा फार आनंद झाला. त्याचा हात चांगला आहे. दुसऱ्या बेसपर्यंतचा पॉप टाइम (चेंडू घेऊन तिथं पोचवायला लागणारा वेळ) २.०८ सेकंद येतो आणि खासगी कोच लावून तो दोनच्या आत आणायचा आमचा प्रयत्न चालू आहे. असं असूनही गेल्या मोसमात कोचनं अटीतटीच्या सामन्यांत दुसऱ्याच मुलाला कॅचर म्हणून बसवलं. त्याचा पॉप टाइम २.२५ च्या खाली कधी येत नाही. मार्चमध्ये व्हर्सिटीचे, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमचे, ट्रायआउट आहेत. हायस्कूलच्या कॅचरमध्ये बचावाची नेमकी कोणती कौशल्यं आधी बघतात? आणि मी कोचशी बोलावं का? – एक बाबा, एडिसन

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रात २.०८ आहे, २.२५ आहे, दोनच्या आत जायचं स्वप्न आहे. एक आकडा मात्र कुठंच नाही. बेसवर रनर असताना गेल्या मोसमात तुमच्या मुलाच्या मागं किती चेंडू गेले? मला वाटतं, कोचच्या वहीत तो आकडा आहे.

मी शाळांच्या सामन्यांत प्लेटमागं, म्हणजे बॅटर खेळतो त्या जागेमागं, अंपायर म्हणून उभा राहतो. म्हणजे कॅचरच्या खांद्यावरून खेळ बघणं हेच माझं काम. तिथून जे दिसतं ते स्टॉपवॉचमध्ये दिसत नाही. हायस्कूलच्या कॅचरचा क्रम माझ्या मते असा लागतो : चेंडू नीट घेणं आणि जमिनीवर आपटलेला चेंडू अंगावर अडवणं सगळ्यांत आधी, मग पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) आणि बाकीच्यांना सांभाळणं, आणि त्यानंतर थ्रो. थ्रो बिनमहत्त्वाचा आहे असं मी म्हणत नाही. पण सात इनिंगच्या सामन्यात कॅचरकडे शंभराच्या आसपास पिच (टाकलेले चेंडू) येतात, आणि दुसऱ्या बेसवर खरोखर फेकायची वेळ दोन-तीनदा आली तर आली. उरलेल्या चेंडूंचं काय?

व्यावसायिक पिचर आणि पंधरा-सोळा वर्षांचा पिचर यांच्यात वेगाचा फरक असतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून मोठा फरक आहे तो अचूकतेचा. शाळेतल्या पिचरचा कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) दर तीन-चारातला एक प्लेटच्या अलीकडंच मातीत गेला तर कुणालाच नवल वाटत नाही. पहिल्या बेसवरच्या रनरला अशा वेळी स्टील करायची, म्हणजे पुढचा बेस चोरून गाठायची, गरजच उरत नाही. चेंडू मागच्या जाळीकडं गेला की तो चालत दुसऱ्या बेसवर जातो, पुन्हा गेला की तिसऱ्यावर, आणि तिसऱ्यांदा गेला की धाव. एकही हिट नाही, एकही स्टील नाही, तुमच्या मुलाचा तो सुंदर हात एकदाही वापरला गेला नाही, आणि फळ्यावर एक धाव चढली.

यात स्कोअरबुकही फसवतं. नीट घेता आला असता असा चेंडू सुटला तर तो ‘पास्ड बॉल’ म्हणून कॅचरच्या नावावर लागतो. चेंडू आधी मातीला लागला असेल तर तो ‘वाइल्ड पिच’, आणि दोष पिचरचा. म्हणजे कागदावर कॅचर स्वच्छ. कोच कागद बघत नाही, तो बघतो की शेजारचा २.२५ वाला मुलगा तेच चेंडू छातीवर घेतोय.

आता तुमच्या कीपिंगबद्दल. तो अनुभव मुलाच्या उपयोगाचा आहेच. चेंडू हातातून सुटल्यापासून नजर न हलवणं, शंभराव्या चेंडूलाही पहिल्याइतकंच जागं असणं, हे नरेन ताम्हाणे, चंद्रकांत पंडित, किरण मोरे यांची परंपरा मानणाऱ्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. पण कीपरच्या काही सवयी प्लेटमागं नडतात, आणि त्या तुमच्याकडून नकळत मुलाकडं गेल्या असतील असा माझा दाट संशय आहे.

पहिली सवय, टप्पा पडलेला चेंडू हातात पकडायची. कीपरला जवळजवळ प्रत्येक चेंडू टप्पा पडूनच मिळतो, त्यामुळे उसळी वाचून तो ग्लव्ह्जमध्ये घेणं हीच त्याची कला. कॅचरनं मातीतला चेंडू पकडायला जाऊ नये, निदान रनर बेसवर असताना तरी. बेसबॉल आपटला की शिवण कुठं लागेल, माती कुठं उकरलेली असेल, कर्व्हची फिरकी त्याला कुठं नेईल याचा भरवसा नसतो. मिटनं (कॅचरच्या ग्लव्हनं) वेचायला गेलेला कॅचर दहातले सात सुंदर वेचतो आणि तीन जाळीकडं पाठवतो. अडवणारा कॅचर दहाच्या दहा समोर पाडतो. दिसायला पहिला जास्त देखणा. सामना दुसरा जिंकतो.

अडवण्याची रीत तशी सोपी आहे, शरीर मानत नाही एवढंच. चेंडू खाली येतोय हे कळताच मिट आधी जमिनीवर, दोन्ही गुडघ्यांच्या मधल्या फटीत. गुडघे त्याच्यामागोमाग. उघडा हात मिटच्या पाठीमागं लपलेला. खांदे पुढं गोल झालेले, हनुवटी छातीत रुतलेली, म्हणजे गळा झाकला जातो आणि डोळे आपोआप खाली चेंडूवर राहतात. श्वास सोडायचा, अंग ताठ ठेवायचं नाही. ताठ छातीवर आपटलेला चेंडू दहा-बारा फूट लांब उडतो, आणि तेवढ्यात चलाख रनर निघालेला असतो. सैल छातीवर तो पिठाच्या पोत्यावर पडल्यासारखा जागीच बसला पाहिजे. चेंडू बाजूला असेल तर नुसतं आडवं सरकायचं नाही. बाहेरचा खांदा थोडा पुढं वळवून छाती प्लेटकडं फिरवायची, म्हणजे आपटून उडालेला चेंडू मैदानात परत येतो, डगआउटकडं (खेळाडूंच्या बाकांकडं) जात नाही.

मुलं चुकतात ती क्रमात. गुडघे आधी टेकतात, मिट नंतर येतं, आणि चेंडू मधल्या फटीतून निघून जातो. दुसरी चूक भीतीची : ऐन वेळी मान बाजूला वळते. मान वळली की मास्कची जाळीही वळते आणि उघडी बाजू चेंडूसमोर येते. समोर बघणं हेच जास्त सुरक्षित आहे हे मुलाला सांगून पटत नाही, टेनिस बॉल शेकडो वेळा छातीवर घेऊन पटतं. (इथं माझा स्वार्थही आहे. कॅचरनं सोडलेला चेंडू बहुतेक वेळा मलाच लागतो. अडवणाऱ्या कॅचरवर अंपायरांचं प्रेम असतं ते उगीच नाही.)

या एका कौशल्यानं पिचरही बदलतो. तिसऱ्या बेसवर रनर, बॅटरवर दोन स्ट्राइक (तिसरा पडला की आउट). पिचरचा सगळ्यांत चांगला चेंडू म्हणजे मातीत बुडणारा कर्व्ह. मागं कोण बसलंय यावर तो ठरवतो की हा चेंडू टाकायचा की घाबरून मधोमध सरळ टाकायचा. त्यात तिसरा स्ट्राइक झेलला गेला नाही, आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट असतील, तर बॅटर पळू शकतो. म्हणजे चेंडू समोर पाडून पहिल्या बेसवर फेकला तरच तो आउट पदरात पडतो. कोचनं अटीतटीच्या सामन्यांत दुसऱ्या मुलाला का बसवलं, याचं उत्तर मला इथं सापडतं. पिचरनंच तसं सुचवलं असेल तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

कीपरची दुसरी नडणारी सवय म्हणजे चेंडूबरोबर हात मागं नेणं. क्रिकेटमध्ये ते बरोबरच आहे, हात मऊ ठेवायला तसंच शिकवतात. इथं मात्र मागं किंवा खाली गेलेलं मिट काठावरच्या स्ट्राइकला (चौकटीतल्या पिचला) ‘बॉल’ (चौकटीबाहेरची पिच) बनवतं. गुडघ्याच्या उंचीला आलेली पिच, आणि मिट ती घेऊन जमिनीकडं गेलं, तर माझ्या डोळ्यांना ती खालीच दिसणार. म्हणून मिट चेंडूच्या आधी खाली न्यायचं आणि खालून वर येत चेंडू घ्यायचा. कडेच्या पिचला बाहेरून आत. हालचाल मनगटाची, छोटी. यालाच फ्रेमिंग म्हणतात, आणि तुमच्या न्यू यॉर्कच्या यांकीजचा होसे ट्रेव्हिनो २०२२ मध्ये प्लॅटिनम ग्लव्ह (सर्वोत्तम बचावाचा पुरस्कार) घेऊन गेला तो मुख्यतः याच कलेच्या जोरावर, तोफेसारख्या थ्रोवर नव्हे. मेजर लीगमध्ये २०२६ च्या मोसमापासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडं दाद मागता येते, त्यामुळे तिथं या कलेचं काय होईल यावर वाद चालू आहेत. शाळेत माणूसच उभा आहे, आणि तो माणूस तुम्हाला हेही सांगतो, की दोन वीत बाहेरचा चेंडू ओढून प्लेटवर आणून दाखवणारा कॅचर आम्हाला आवडत नाही. असं चार वेळा केलं की पाचव्या वेळी खरोखर काठावर आलेली पिचही संशयानं बघितली जाते. चेंडू घ्या, क्षणभर थांबा, परत फेका.

तिसरी गोष्ट सवयीची नाही, साधनाची. कीपरचे दोन्ही हात ग्लव्ह्जमध्ये असतात. कॅचरचा फेकायचा हात उघडा असतो, आणि बॅटला निसटता लागलेला चेंडू बोटं मोडू शकतो. बेस रिकामे असतील तर तो हात पाठीमागं किंवा घोट्याआड. रनर असेल तर मिटच्या मागं, अंगठा मुठीत दाबून. हे आज रात्रीच तपासा, बाकी सगळं उद्या केलंत तरी चालेल.

आता तुमचा लाडका पॉप टाइम. चेंडू कॅचरच्या मिटमध्ये आदळल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ. अंतर १२७ फूट आणि वर तीन इंचांहून थोडं जास्त. हायस्कूलमध्ये २.०८ खरंच चांगला आहे, मुलाचं कौतुक करा. पण हिशोब मांडून बघू. वेगवान शाळकरी रनर लीड घेऊन (बेसपासून आधीच थोडं पुढं सरकून) पहिल्यावरून दुसऱ्यावर साडेतीन सेकंदांच्या आसपास पोचतो. पिचरनं पाय उचलल्यापासून चेंडू मिटमध्ये पडायला १.३ सेकंद लागत असतील, तर २.२५ नं रनर जरा उशिरा पडला की आउट, नाहीतर अटीतटीचं. तुमच्या मुलाच्या २.०८ नं तो सरळ आउट. पण पिचरला १.६ लागत असतील तर कॅचरकडं १.९ उरतात, टॅग करायचा (रनरला चेंडू लावायचा) वेळ धरला तर त्याहूनही कमी. मेजर लीगमधला सगळ्यांत वेगवान पॉप टाइमचा कॅचर म्हणून ओळखला गेलेला जे. टी. रिअलमुटोसुद्धा तिथं हातघाईला येईल. स्टीलचा अर्धा हिशोब पिचरच्या पायात असतो, आणि त्यासाठी तुम्ही कॅचरच्या कोचला पैसे देताय.

शिवाय २.०८ कुठं मोजला? शोकेसमध्ये (कौशल्य दाखवायच्या शिबिरात) बॅटर समोर नसतो, चेंडू छातीसमोर येतो, आणि फेकायचंय हे आधीच माहीत असतं. सामन्यात तोच चेंडू बाहेर, खाली, आणि उजव्या हाताचा बॅटर वाटेत. पाव सेकंदाची वाट तिथंच लागते. वेळ कमी करायचाच असेल तर हाताच्या जोरामागं लागू नका. ताशी ७० मैलांचा थ्रो ७५ चा झाला, तर हवेचा अडथळा सोडून या अंतरावर वाचतो तो सेकंदाचा जेमतेम बारावा हिस्सा, आणि ते पाच मैल मिळवायला दोन वर्षं जातील. मिटमधून चेंडू हातात घेणं आणि पाय फिरवणं यात तेवढाच वेळ काही आठवड्यांत वाचू शकतो. आणि थ्रो पडला पाहिजे बेसच्या पहिल्या-बेसकडच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीला, म्हणजे टॅग आपोआप लागतो. डोक्यावरून गेलेला १.९५ म्हणजे रनर थेट तिसऱ्यावर.

कोच आणखी एक गोष्ट बघतो, आणि ती आपल्या घरातल्या मुलांना अवघड जाते : ओरडणं. नऊ जणांत एकटा कॅचर असा असतो की सगळं मैदान त्याच्या तोंडासमोर आहे. बंट (बॅट नुसती लावून हळू ढकललेला चेंडू) झाला तर चेंडू उचलायला धावणाऱ्या पिचरला कुठं फेकायचं हे दिसत नाही, त्याला ‘वन!’ की ‘टू!’ हे कॅचरनं सांगायचं. आउटफिल्डमधून आलेला थ्रो मध्येच अडवायचा की प्लेटपर्यंत येऊ द्यायचा, हेही त्यानंच. मोठ्यांसमोर आवाज चढवू नये हे आपण मुलांना शिकवलेलं असतं, आणि इथं दहावीतल्या मुलानं बारावीतल्या शॉर्टस्टॉपवर ओरडायचं असतं. घरी जेवताना त्याला एकदा स्पष्ट सांगा, की मैदानावर ही उद्धटगिरी मानली जात नाही, हे त्याचं काम आहे.

पिचरला सांभाळणं हा याचाच भाग. शाळेत कोणती पिच टाकायची हे बहुधा डगआउटमधून येतं, मनगटावरच्या पट्टीतल्या नंबरांनी किंवा आता कॅचरच्या कानातल्या एकतर्फी यंत्रातूनही. त्यामुळे डावपेचांचं ओझं मुलावर फारसं नसतं. पण दोन वॉक (बॅटरला फुकटचा पहिला बेस) दिल्यावर पिचर घाईत आलाय, त्याचा श्वास वर आहे, हे कोचच्या आधी कॅचरला दिसतं. वेळ मागून दहा पावलं चालत जाणं, दोन शब्द बोलणं, परत येणं. ट्रायआउटमध्ये हे करणारा मुलगा माझ्या लक्षात राहतो, कोचच्याही राहत असणार.

बाकीचं थोडक्यात. प्लेटच्या मागं उंच उडालेला फाउल फिरकीमुळे मैदानाकडं परत वळतो, म्हणून पाठ मैदानाकडं करून खाली उभं राहायचं. मास्क आधी फेकायचा नाही, चेंडू दिसल्यावर, आणि विरुद्ध दिशेला. बेस रिकामे असताना ग्राउंडर (जमिनीलगत मारलेला चेंडू) पडला तर पहिल्या बेसमागं बॅकअपला धावायचं, दर वेळी, चेंडू येवो न येवो. प्लेटवर टॅग करताना हातात चेंडू नसेल तर रनरची वाट अडवायची नाही. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा बस्टर पोझी धडकेत पाय मोडून घेऊन मोसमाला मुकला, त्यानंतर २०१४ मध्ये मेजर लीगनं धडकेचा नियम आणला; शाळेचे नियम त्याहून कडक आहेत आणि मुद्दाम धडक देणाऱ्याला मैदानाबाहेर काढतात. एका गुडघ्यावर बसण्याची जी पद्धत टीव्हीवर दिसते तिच्याबद्दल कोचांत मतभेद आहेत. मला ती बेस रिकामे असताना चालते. रनर असताना त्या बसण्यातून दोन्ही बाजूंना अडवता येत असेल तर जरूर बसावं, नाहीतर नुसती फॅशन.

मार्चपर्यंत काय करायचं? थंडीत रोज पूर्ण ताकदीनं दुसऱ्या बेसवर फेकणं बंद करा, सोळाव्या वर्षी खांदा दुखावून घ्यायचा नाही. आणि तो अधूनमधून पिचिंगही करत असेल तर एकाच दिवशी पिचर आणि कॅचर दोन्ही व्हायचं नाही. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलनं २०१४ मध्ये काढलेल्या ‘पिच स्मार्ट’ सूचनाही तेच सांगतात. तळघरात किंवा गॅरेजमध्ये व्यायामाची चटई टाका. पंचवीस-तीस फुटांवरून तुम्ही टेनिस बॉल टप्पा पाडून टाकायचे, त्यानं हात पाठीमागं बांधल्यासारखे ठेवून फक्त छातीनं ते समोर पाडायचे. मग मिट घालून. मग खऱ्या चेंडूनं, पूर्ण साहित्य अंगावर, गळ्याच्या रक्षकासकट. आधी सांगून टाका, नंतर न सांगता, सरळ आणि मातीतला मिसळून, म्हणजे वाचायची सवय लागेल. आठवड्यातून तीन-चार वेळा, पंधरा-वीस मिनिटं. त्याहून जास्त नको, गुडघ्यांना सुट्टी हवी. टप्पा पाडायचं काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण करणार?

आणि स्टॉपवॉच कपाटात ठेवून वही घ्या. पुढच्या प्रत्येक सामन्यात दोनच खुणा : रनर बेसवर असताना किती चेंडू मातीत आले, आणि त्यातले किती त्याच्यापासून तीन-चार फुटांत थांबले.

कोचशी तुम्ही बोलू नका. ईमेलही नको. व्हर्सिटीच्या कोचला पालकांची पत्रं भरपूर येतात आणि त्यांचा मुलाला फायदा झालेला मी तरी पाहिलेला नाही. मुलालाच जाऊ द्या, एकटा, सराव संपल्यावर. ‘मला का बसवलं नाही’ असं विचारायचं नाही. विचारायचं, ‘हिवाळ्यात मी कशावर काम करू?’ कोच काय उत्तर देईल याचा मला अंदाज आहे, पण ते त्याच्या तोंडून ऐकलेलं मुलाला जास्त लागेल. आणि निघताना एवढं विचारू दे, की व्हर्सिटीच्या पिचरांच्या हिवाळी सरावाला मागं बसायला कुणी लागतं का. बहुतेक शाळांत लागतंच. तिथं बसलेल्या मुलाला पिचर नावानं ओळखू लागतात.